चौकच्या होडीचा पंखा

ओहोटी पुरती लागली की चौकच्या किनाऱ्यावरील होड्या चिखलात कुशीवर कलतात आणि एरवी पाण्याखाली दडलेले त्यांचे अंग उघडे पडते. येणारे-जाणारे होडीचा रंग पाहतात, नाळेवर लिहिलेले संताचे नाव वाचतात, फार तर जाळ्यांच्या ढिगाकडे नजर टाकतात. सुकाणूच्या पुढे, लाकडाच्या खाचेत बसविलेल्या पितळी पंख्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्याच्या तुंब्यावर ठोकलेले दोन आकडे, ३२ × २४ किंवा ३० × १९ असे काहीतरी, मिठाच्या पुटाखाली बुजून गेलेले असतात. आमच्या घरच्या होडीच्या पंख्यावरील हे आकडे आम्ही स्वतः प्रथम वाचले ते एका संकटाच्या वेळी. आणि ते वाचता यावेत म्हणून आम्हाला बराच मागचा इतिहास चाळावा लागला. त्या इतिहासाची ही हकिकत.

वाचकांपैकी ज्यांनी चौक पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मिरा-भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, पाली, डोंगरी, तारोडी या गावांची जी पट्टी आहे, तिला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात. तिच्या उत्तर टोकाला, वसईची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, चौक हे गाव. समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. इकडच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. पोर्तुगिजांना वसई मिळाली १५३४ साली. दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मार्चमध्ये, मराठ्यांनी धारावी घेतली आणि मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. धारावीला एवढे मोल का होते, हे आजही टेकडीवर उभे राहिले म्हणजे कळते. वसईला जाणारे प्रत्येक गलबत या तोंडातूनच आत शिरणार, आणि शिडाचे गलबत म्हणजे वारा व भरती यांच्या मर्जीने चालणारे; ते हवे तेव्हा हवे तसे वळत नाही. खाडीच्या तोंडावर ज्याच्या तोफा, त्याची खाडी.

वारा आणि भरती यांचे हे राज्य आमच्या वाडवडिलांच्या होड्यांवर त्यानंतरही दोनशे वर्षे चालले. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून सुटला की शीड उभारून बाहेर पडायचे, दुपारनंतर खारा वारा लागला की त्याच्या पाठीवर घरी परतायचे, असा हिवाळ्यातला शिरस्ता. आमच्या भागातील मुख्य मासेमारी डोलीची. डोल हे मोठे पिशवीसारखे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून, तोंड प्रवाहाकडे करून सोडतात. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा, मांदेली त्यात वाहत येतात. पाणी थांबते त्या अल्पशा वेळेत डोल लावावी लागते आणि काढावीही लागते. वेळ चुकली तर जाळ्यातला म्हावरा खराब होतो, कधी जाळे फाटते. म्हणून डोलकरांच्या लेखी वेग ही चैन कधीच नव्हती. पाणी थांबण्याच्या आत खुंटावर पोहोचणे हाच त्या धंद्याचा सारा हिशेब. वारा पडला की वल्ही. आणि वल्ही मारून चार माणसे दमली की परमेश्वराची इच्छा.

वाफेचे यंत्र मुंबईच्या पाण्यात तसे फार लवकर आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये मुंबईहून सुएझला निघाली. त्याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी वाफेच्या यंत्रांचा असा ध्यास घेतला की १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परंतु 'ह्यू लिंडसे'ला पंखा नव्हता. तिच्या दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी मोठी चाके होती. त्या काळी आगबोट म्हणजे चाकांची बोट, हे समीकरणच होते.

पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा त्याच दशकात जन्मास आला. कल्पना जुनीच होती; पाणी वर चढविण्यासाठी मळसूत्राचा उपयोग आर्किमिडीजच्या नावाशी जोडलेला आहे. १८२९ साली योसेफ रेसेल या गृहस्थाने त्रिएस्ते बंदरात पंख्याची बोट चालवून दाखविली. वाफेची नळी फुटली आणि तिथल्या पोलिसांनी पुढचे प्रयोगच बंद पाडले. (सरकारी खाती सर्वत्र सारखीच, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो.) १८३६ साली इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने आणि जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने काही आठवड्यांच्या अंतराने आपापल्या पंख्यांचे हक्क नोंदविले.

यातील स्मिथची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्याचा पंखा लाकडी होता आणि त्याला बाटलीच्या बुचात शिरणाऱ्या मळसूत्रासारखे दोन पूर्ण वेढे होते. जितके वेढे अधिक तितकी पकड घट्ट, असा त्याचा साधा तर्क. १८३७ साली लंडनच्या कालव्यात चाचणी सुरू असताना पंखा कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून पडला. बोट आता थांबणार असे वाटत असतानाच ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने पळू लागली. स्मिथ शहाणा होता. तुटलेला पंखा त्याने दुरुस्त केला नाही, पुढचे पंखेच आखूड केले. मोठे ते चांगले ही समजूत त्या दिवशी कालव्याच्या तळाशी गेली खरी, पण आमच्या किनाऱ्यावर ती अजून तरंगते आहे.

चाक की पंखा या वादाचा निकाल ३ एप्रिल १८४५ रोजी इंग्रजी आरमाराने मोठ्या गमतीदार रीतीने लावला. जवळजवळ सारख्याच ताकदीच्या दोन बोटी, पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो', पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या व दोघींना पूर्ण वाफ दिली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला, तिची चाके जीव तोडून पुढे फिरत असताना, अडीच नॉटहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले. हे दृश्य लोकांच्या ध्यानात राहिले. त्यापूर्वी 'रॅटलर'वर कितीतरी निरनिराळे पंखे आळीपाळीने बसवून, प्रत्येकाचा वेग मोजून नोंदला गेला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. एका बोटीला योग्य पंखा कोणता, हे त्या काळच्या उत्तमोत्तम अभियंत्यांनाही लावून पाहिल्याशिवाय समजत नव्हते.

आता त्या दोन आकड्यांचा अर्थ. पहिला आकडा पंख्याचा व्यास, इंचांत. दुसरा त्याचा पिच, तोही इंचांत. लाकडात स्क्रू फिरविला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पाणी लाकडासारखे घट्ट असते तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता तो त्याचा पिच. पाणी घट्ट नाही, ते मागे सरते. म्हणून प्रत्यक्ष वेग हिशेबातील वेगापेक्षा नेहमी कमी भरतो. या तुटीला स्लिप म्हणतात. हिशेब घरबसल्या करता येण्याजोगा आहे: पंख्याच्या शाफ्टचे मिनिटाचे फेरे गुणिले पिच, भागिले १,२१६, म्हणजे नॉटमधील हिशेबी वेग. हा भाजक आकाशातून पडलेला नाही. सागरी मैल ६,०८० फुटांचा, म्हणजे ७२,९६० इंचांचा. त्याला तासाच्या साठ मिनिटांनी भागले, इतकेच. शाफ्टचे फेरे मात्र इंजिनाच्या फेऱ्यांहून कमी असतात, कारण मधला गिअरबॉक्स ते दोनपट, तीनपट उतरवितो. जड बांधणीच्या मासेमारी होडीत एकतृतीयांश ते चार दशांश स्लिप निघाली तर त्यात नवल नाही.

पंखा, शाफ्ट, इंजिन हे सारे आमच्या किनाऱ्यावर आले ते स्वातंत्र्यानंतर. १९५० च्या दशकात मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने इंजिनांसाठी कर्जे व साहाय्य देण्यास आरंभ केला. उत्तरेकडे सातपाटीच्या मच्छीमारांनी आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी या कामी मोठा पुढाकार घेतला. तिकडे केरळात १९५२ च्या करारान्वये नॉर्वेच्या मदतीने नींदकरा येथे असाच प्रयोग सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९५३ साली मासेमारी नौकांच्या रचनेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली, तिचा जाडजूड ग्रंथ १९५५ साली निघाला. कोचीनला १९५७ साली मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था उभी राहिली. इंजिनांच्या बाबतीत आपला महाराष्ट्र भाग्यवान. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासूनच होती.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत तो काळ सणासारखा आहे. शिडाच्या होडीच्या मागच्या नाळेला सुतारांनी भोक पाडले, त्यातून शाफ्ट घातला, पंख्याला फिरायला जागा हवी म्हणून सुकाणूपुढे खाच घेतली. इंजिनावर पवित्र पाणी शिंपडायला फादर किनाऱ्यावर आले. पहिल्या दिवशी वाऱ्याच्या विरुद्ध, शीड न उभारता, होडी खाडीबाहेर पडली तेव्हा किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला म्हणतात. डोलकराच्या जिवाला लागलेला घोर एका भोंग्यासरशी दूर झाला.

पण इंजिनाबरोबर जे यायला हवे होते ते सारे आले नाही, हे आम्हाला या लेखात मुख्यत्वे मांडायचे आहे. आमच्या घरी जुन्या कागदांची एक पत्र्याची पेटी आहे. तीत इंजिनाचे नाव आहे, अश्वशक्ती आहे, कर्जाचे हप्ते आहेत, जामीनदारांच्या सह्या आहेत. पंख्याविषयी एका बिलात दोनच शब्द आहेत: 'पंखा, एक नग.' कोणत्या व्यासाचा, किती पिचचा, कोणत्या गिअरसाठी, याची नोंद कुठेही नाही. इंजिनाची ताकद पाण्याला पोहोचते ती याच एका नगातून. तरीही त्याची निवड पुढे तीन पिढ्या शेजाऱ्याच्या होडीकडे पाहून होत राहिली. त्याची होडी पळते ना, मग त्याचाच पंखा घ्या. पुढे ट्रकची सहा सिलिंडरची इंजिने होड्यांत बसू लागली. ती जुन्या मंद इंजिनांच्या मानाने बरीच भरभर फिरणारी. पंखे मात्र कैकदा तेच राहिले, किंवा 'मोठे इंजिन, मोठा पंखा' या न्यायाने आणखी मोठे झाले.

काही वर्षांपूर्वी हे आमच्याच घरावर शेकले. होडीचे जुने इंजिन गेले म्हणून आम्ही दुरुस्त करून विकायला ठेवलेले सहा सिलिंडरचे इंजिन घेतले. पूर्ण वेग मिनिटाला २,२०० फेरे, गिअरबॉक्स तीनास एक. पंखा एका आप्ताच्या मोठ्या होडीचा उतरविलेला, ३२ × २४. सुकाणूजवळ चकचकीत नवी पाटी बसविली, तिच्यावर फेऱ्यांचा मीटर. पहिल्याच फेरीत काटा २,२०० वर जाऊन उभा राहिला आणि तरुण मंडळी खूश झाली. होडी मात्र सहा नॉटांच्या पुढे जाईना. धुराड्यातून काळा धूर, इंजिनाचे पाणी तापलेले, डिझेल पूर्वीच्या दीडपट.

आमचे थोरले काका होडीचे तांडेल. शिडाच्या होडीवर खलाशी म्हणून त्यांनी धंदा सुरू केला होता. ते दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "इंजिनाला धाप लागते आहे. ओझे जास्त झाले." आम्ही त्यांना काटा दाखविला. काटा म्हणतो पूर्ण फेरे लागताहेत. पूर्ण फेरे लागत असतील तर ओझे जास्त कसे? मेकॅनिकही तेच म्हणाला. त्याचे शास्त्र चुकीचे नव्हते. पंखा भारी असेल तर इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, हलका असेल तर सहज पोहोचते, हा नियम बरोबरच आहे. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की पंखा हलका आहे, आणि चोवीस इंची पिचऐवजी सत्तावीस इंचीचा बसवायला सांगितला. बसविला. काटा २,००० वर आला, वेग आणखी कमी झाला, धूर वाढला. काकांना आम्ही, वयाचा मान राखून का होईना, गप्प केले होते. त्यानंतर ते इंजिनाविषयी काही बोललेच नाहीत. नुसते सुकाणू धरायचे. दोनदा होडी खुंटावर पोहोचेपर्यंत पाणी फिरले होते, डोल काढता आली नाही. सहकारी संस्थेकडची डिझेलची उधारी वाढत गेली आणि घरात दोन भावांत अबोला धरण्यापर्यंत पाळी आली.

त्या वेळी आम्हाला चार्ल्स पार्सन्सची गोष्ट ठाऊक असती तर! पार्सन्सने १८९४ साली 'टर्बिनिया' ही छोटी बोट बांधली, आपल्या नव्या वाफेच्या टर्बाइनची करामत जगाला दाखविण्यासाठी. टर्बाइन भन्नाट फिरे, पण बोट वीस नॉटांच्या पुढे सरकेना. दोष टर्बाइनचा की पंख्याचा? पार्सन्सने तर्कावर भिस्त ठेवली नाही. यंत्र आणि पंखा यांच्यामधील शाफ्टला पीळ किती पडतो हे मोजण्याचे साधन त्याने तयार केले आणि ताकद शाफ्टपर्यंत नीट येते आहे, वाया जाते ती पंख्यापाशी, हे सिद्ध केले. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांमागे पाण्यात पोकळ्या निर्माण होत होत्या. मग एकाऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन तीन पंखे. आणि १८९७ च्या जूनमध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या आरमारी संचलनात, 'टर्बिनिया' चौतीस नॉटांच्या आसपास वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून निघून गेली. पार्सन्स फेऱ्यांचा आकडा पाहून थांबला नाही. त्याने शाफ्टला वेगळे विचारले, पाण्याला वेगळे विचारले.

आमच्याकडे ते काम मुंबईच्या गोदीत उभी हयात घालवलेल्या, गावातल्याच एका निवृत्त फिटरांनी केले. रविवारच्या मिस्सानंतर ते सहज होडीवर आले. त्यांनी आधी पंख्याविषयी काहीच विचारले नाही. कागद मागितला आणि काट्यावरच्या २,२०० चा हिशेब मांडला: गिअर तीनास एक, म्हणजे शाफ्टचे ७३३ फेरे, गुणिले चोवीस, भागिले १,२१६, हिशेबी वेग साडेचौदा नॉट. प्रत्यक्ष वेग सहा. म्हणजे स्लिप साठ टक्क्यांच्या घरात. "पंख्याची पाती मोडली असती तरच असे व्हावे," ते म्हणाले, "आणि पाती मोडली असती तर इंजिन हलके चालले असते, काळा धूर कशाला आला असता? दोघांपैकी एक कोणीतरी खोटे बोलते आहे, धूर किंवा काटा. धुराला खोटे बोलण्याचे कारण नाही."

पुढच्या भरतीला त्यांनी हातात धरण्याचा फेरेमापक आणला. त्याचे रबरी टोक इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या मध्यावर टेकवायचे, की तो थेट फेरे सांगतो. मध्ये वायर नाही, पट्टा नाही. फिरणारे वजन मध्यापासून दूर फेकले जाते या जुन्या तत्त्वावर चालणारी फेरेमापके एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. इंग्लंडात ब्रायन डाँकिन या यंत्रकाराला अशा साधनाबद्दल पदकही मिळाले होते. फिटरांच्या मापकाने काय सांगितले? आमचा काटा २,००० दाखवीत असताना इंजिनाचे खरे फेरे होते १,५००. म्हणजे पहिल्या पंख्याच्या वेळी काटा २,२०० वर होता तेव्हा इंजिन जेमतेम १,६५० फेरे घेत होते. काकांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून अक्षरशः खरे होते.

कारण सापडायला अर्धा तासही लागला नाही. आमच्या मीटरला फेरे सांगणारी वायर अल्टरनेटरकडून येत होती. अल्टरनेटरच्या पोटात चुंबकाचे ध्रुव असतात. तो एकदा फिरला की ध्रुवांच्या जोड्यांइतके विजेचे ठोके मीटरकडे जातात आणि मीटर ते ठोके मोजून फेरे दाखवितो. मीटर बारा ध्रुवांच्या, म्हणजे सहा ठोक्यांच्या अल्टरनेटरसाठी लावलेला होता. इंजिन विकण्यापूर्वी कोणीतरी जळालेला अल्टरनेटर काढून सोळा ध्रुवांचा बसविला होता. सहाच्या जागी आठ ठोके. प्रत्येक आकडा एकतृतीयांशाने फुगलेला. कोणी फसविण्याच्या हेतूने केले असेल असे आम्हाला वाटत नाही. दिवे लागतात, बॅटरी भरते, मग चालले, एवढाच विचार झाला असावा. पट्टा सैल असता तर काटा उलट कमी दाखविता, आणि पुली बदललेली असती तरी असाच घोटाळा झाला असता. म्हणून, फिटरांच्या सांगण्यावरून, होडीवर अल्टरनेटर, पट्टा वा पुली यांपैकी काहीही बदलले की आम्ही मीटर पुन्हा ताडून घेतो.

मीटरच्या मागच्या बाजूचा खटका फिरवून आकडा सरळ झाला. त्यानंतरचा प्रश्न पंख्याचा. मोठा पंखा उतरवून ३० × १९ बसविला, तेव्हा इंजिन २,१०० खऱ्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले. शाफ्टचे ७००, हिशेबी वेग अकराच्या आत, प्रत्यक्षात होडी पावणेसात नॉट चालू लागली. स्लिप अडतीस टक्के. धूर गेला. वेग मोजतानाही फिटरांनी एक पथ्य पाळायला लावले: तेच अंतर एकदा पाण्याच्या ओढीबरोबर आणि एकदा तिच्याविरुद्ध कापायचे आणि दोहोंची सरासरी घ्यायची. वसईच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ काय असते हे आम्ही जन्मापासून जाणतो. तरीही जीपीएसवर एकाच बाजूचा वेग पाहून आजवर कितीदा आम्ही आपल्या किंवा दुसऱ्याच्या इंजिनाचे कौतुक केले असेल!

आता लहान पंखा सर्वांना चांगला, असा अर्थ कोणी घेऊ नये. तसे करणे म्हणजे पुन्हा शेजाऱ्याचा पंखा उचलणे झाले. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला, डोलीच्या होडीला आणि प्रवासी तरीला एकच पंखा चालणार नाही. इतकेच काय, त्याच होडीचा काटा हंगामाच्या सुरुवातीला एक आणि मे महिन्यात दुसरे सांगतो, कारण तोवर बुडाला कालवे-शिंपले चिकटून होडी जड झालेली असते. पात्यात जाळ्याचा दोर किंवा प्लास्टिक अडकले तरी फेरे उतरतात. तेव्हा पंख्यावर संशय घेण्याआधी पाण्यात उतरून बूड पाहावे. हे मेकॅनिकचे नव्हे, खलाशाचे काम आहे.

आणखी एक हिशेब आम्हाला त्याच सुमारास उमगला. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे एक दशांशाने उतरविले तर लागणारी ताकद सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. वेग मात्र थोडाच घटतो. खुंटावर जाताना घाई असते, ते ठीक. परत येताना पाणी आपल्या बाजूने असता काटा टोकाला भिडवून येणे म्हणजे बोंबलाचे पैसे धुराड्यातून सोडून देणे. शिडाच्या काळी वारा कमी-जास्त होत असे, माणूस त्याच्याशी जुळवून घेई. इंजिन आल्यावर पुढे ढकलायचा दांडा हाती आला, आणि हात पुढेच राहिला.

या दांड्याने समुद्रातील अंतरेही बदलली. वाऱ्याच्या भरवशावर जिथे जाता येत नव्हते तिथे होड्या जाऊ लागल्या, आणि दूरवरच्या पाण्यात डोलीच्या कवी रोवण्यावरून उत्तन-वसईकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार एकमेकांसमोर उभे राहिले. कागदावरची अश्वशक्ती वाढविण्याची स्पर्धा त्याच वाटेने आली. ज्याचे इंजिन मोठे तो आधी पोहोचणार, या भीतीने प्रत्येक जण पुढचे इंजिन आणखी मोठे घेतो, आणि त्यातील किती ताकद खरोखर पाण्याला मिळते हे क्वचितच कोणी ताडून पाहतो. या वादात कोण किती बरोबर, हे सांगण्याची ही जागा नव्हे. पण कर्ज काढून नवे इंजिन घेण्याआधी जुन्या इंजिनाचे खरे फेरे मोजून पाहावेत, एवढे तर आम्ही आमच्या उधारीच्या वहीच्या बळावर सांगू शकतो. आमच्या घरात तेव्हा दुसऱ्या इंजिनाची बोलणी सुरू झाली होती. ते घेतले गेले असते तर होडी आज आमची राहिली नसती.

काकांशी मात्र तेवढ्या सहजी हिशेब मिटला नाही. फिटरांनी मापकावरचा आकडा वाचून दाखविला त्या दिवशी आम्ही सारे त्यांच्याकडे पाहत होतो. ते काही बोलले नाहीत. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग जाळी आवरायला पुढे निघून गेले. दोन भावांतला अबोला नाताळला सुटला. काकांचा सुटायला पास्काचा सण उजाडला. नवा पंखा बसवून होडी पहिल्यांदा खाडीबाहेर काढली तेव्हा त्यांनी दांडा हळूहळू पुढे सरकवीत नेला, मान किंचित कलती करून ऐकत राहिले, आणि काटा २,१०० च्या थोडा अलीकडे असतानाच थांबले. "बस्स," म्हणाले. "इथे ती सुखी आहे."

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत चौकच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि पंखे उतरतात. यंदाही आमचा उतरला. मिठाचे पूट घासून काढले, पात्याच्या कडेला पडलेली एक खाच भरून घेतली, शाफ्टवरचा झिजलेला जस्ताचा तुकडा बदलला. हातातल्या मापकाची जागा आता प्रकाशकिरणाने फेरे मोजणाऱ्या लहानशा उपकरणाने घेतली आहे. त्यासाठी शाफ्टवर चकाकणाऱ्या पट्टीचा एक बोटभर तुकडा चिकटवावा लागतो. तो तुकडा दर हंगामाला काका स्वतः चिकटवितात. पत्र्याच्या पेटीत आता एक नवी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर पंख्याचा व्यास, पिच, गिअर आणि खरे फेरे लिहिलेले आहेत, आणि त्याखाली, काकांच्या आग्रहावरून, आणखी एक रकाना आहे: आवाज कसा होता.